वाळवंटातील हिरवळ आणि पाण्याचा हिशेब : अ‍ॅरिझोनाच्या गोल्फ सहलीचे नियोजन

महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाला पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स येथे पडतो तो जेमतेम १८० मिलिमीटर. तरीही फिनिक्स आणि तिला लागून असलेली स्कॉट्सडेल, टेम्पी, मेसा, चँडलर, गिल्बर्ट ही शहरे मिळून गोल्फ मैदानांची संख्या दोनशेच्या घरात जाते. दरवर्षी हिवाळ्यात अमेरिकेच्या बर्फाळ उत्तर भागातून आणि कॅनडातून हजारो हौशी गोल्फपटू येथे येतात. सकाळी खेळ, दुपारी सीमेपलीकडील मेक्सिकोची चव असलेले जेवण आणि सायंकाळी स्थानिक ब्रुअरीतील बिअर असा त्यांचा दिनक्रम असतो. चँडलर आणि परिसरातील संगणक व चिप उद्योगांमुळे बरीच मराठी कुटुंबेही या खोऱ्यात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या आप्तेष्टांपैकी गोल्फची आवड असलेल्यांना ही सहल सहज जमण्याजोगी आहे.

मात्र वाळवंटातील सहलीचे वेळापत्रक अन्य ठिकाणांप्रमाणे केवळ सुट्ट्या पाहून आखता येत नाही. कोणते मैदान केव्हा खुले असेल, तेथे खेळण्याचा दर काय असेल, ताटात काय येईल, इतकेच काय, पेल्यातील बिअरचे सातू कोठे पिकले असतील, हे सारे येथे पाण्यावर ठरते. पाण्याचे हे गणित समजून घेतल्यास पैसा वाचतो, प्रकृती सांभाळली जाते आणि प्रदेशाची खरी ओळखही होते.

मोजूनमापून राखलेली हिरवळ

वाळवंटी गोल्फ मैदान म्हणजे नेमके काय? नेहमीच्या मैदानावर टीपासून ग्रीनपर्यंत सलग गवत असते. येथे मात्र टीचा छोटा चौथरा, मध्ये फेअरवेचा पट्टा आणि शेवटी ग्रीन एवढीच हिरवळ राखली जाते. उरलेला सारा भाग वाळू, खडक आणि निवडुंगाचा. या कल्पनेचा आद्य नमुना म्हणून १९६२ मध्ये केअरफ्री या गावी सुरू झालेल्या ‘डेझर्ट फॉरेस्ट’ मैदानाचा उल्लेख केला जातो. रॉबर्ट ‘रेड’ लॉरेन्स यांनी त्याची आखणी केली. हा क्लब खासगी असल्याने सदस्यांच्या पाहुण्यांखेरीज इतरांना तेथे खेळता येत नाही. पुढे १९८३ मध्ये जॅक निकलॉस यांनी आखलेले ‘डेझर्ट हायलँड्स’ सुरू झाले. त्याच वर्षी तेथे निकलॉस, अर्नोल्ड पामर, गॅरी प्लेअर आणि टॉम वॉटसन यांच्यातील पहिला ‘स्किन्स गेम’ खेळला गेला. दूरचित्रवाणीवरील या लढतीमुळे वाळवंटातील गोल्फ घरोघरी पोहोचला.

कमी हिरवळीमागे केवळ सौंदर्यदृष्टी नाही. अ‍ॅरिझोनाने १९८० मध्ये भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याखालील नियमांनुसार फिनिक्स परिसरातील अठरा होलच्या नव्या मैदानाच्या पाण्याचा हिशेब जास्तीत जास्त सुमारे ९० एकर हिरवळ धरूनच केला जातो. आखणीकाराला कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच हे बंधन पाळावे लागते. फेअरवे अरुंद का आणि दोन होलमध्ये ओसाड माळ का, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या नियमात सापडतात.

केव्हा जावे?

नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम सर्वोत्तम. जानेवारीत दुपारचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पहाटे मात्र थंडी असते आणि स्कॉट्सडेलच्या उत्तरेकडील उंच भागात कधीकधी दहिवर गोठते. गोठलेल्या गवतावर पाय पडल्यास ते मरते. त्यामुळे दहिवर वितळेपर्यंत खेळ थांबवला जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची पहिली वेळ घेण्याचा आग्रह म्हणूनच धरू नये.

फेब्रुवारी आणि मार्च हे सर्वांत महागडे महिने. फेब्रुवारीच्या प्रारंभी ‘फिनिक्स ओपन’ ही व्यावसायिक स्पर्धा असते, तर त्या महिन्याच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत पंधरा बेसबॉल संघ सरावासाठी या खोऱ्यात तळ ठोकतात. हॉटेल, भाड्याची मोटार आणि मैदान या तिन्हींचे दर तेव्हा शिखरावर असतात. नामांकित मैदानांवर एका फेरीसाठी तीनशे ते चारशे डॉलर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक मोजावे लागतात. दर मागणीनुसार रोज बदलतात, दुपारनंतरच्या फेऱ्या स्वस्त असतात. वेळेचे बंधन नसलेल्यांनी नोव्हेंबरचा उत्तरार्ध, डिसेंबरचा पूर्वार्ध किंवा एप्रिलचा उत्तरार्ध निवडावा.

अनेक पर्यटक फसतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्यात मैदानांवर बर्म्युडा गवत असते. थंडी पडताच ते सुप्तावस्थेत जाऊन पिवळे पडते. हिवाळी पाहुण्यांना हिरवेगार मैदान दिसावे म्हणून त्यावर राय गवताचे बी पेरले जाते. हे बी रुजवण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि मैदान दोन ते चार आठवडे बंद ठेवावे लागते. मैदान उघडल्यावरही काही दिवस गोल्फकार्ट ठरावीक रस्त्यावरूनच चालवावी लागते. प्रत्येक मैदानाच्या पेरणीच्या तारखा वेगळ्या असतात. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या विचारून घेणे श्रेयस्कर. पाण्याची बचत म्हणून अलीकडे काही मैदाने ही पेरणी केवळ टी आणि ग्रीनपुरती करतात किंवा टाळतात. पिवळसर फेअरवे दिसल्यास तो दुर्लक्षाचा पुरावा समजू नये. त्यावर चेंडू अधिक घरंगळतो, इतकाच फरक.

जून ते सप्टेंबर या काळात दर एकदम कोसळतात. जाहिरातीतील हे आकडे मोहक असले तरी उन्हाळा येथे जीवघेणा ठरू शकतो. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरेनहाइट म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला. त्या एका वर्षात फिनिक्सचा समावेश असलेल्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. विदर्भातील उन्हाची सवय असलेल्यांनीही तेथील कोरड्या हवेला कमी लेखू नये. घाम अंगावर जाणवण्यापूर्वीच सुकतो आणि शरीरातील पाणी किती घटले याची कल्पना येत नाही. बिअरमुळे लघवीचे प्रमाण वाढते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. खेळताना पाणी आणि खेळ संपल्यावर, पुरेसे पाणी पिऊन झाल्यावर बिअर, हा जाणत्या स्थानिक खेळाडूंचा क्रम पाहुण्यांनीही पाळावा.

मैदानांची निवड

चार दिवसांच्या सहलीत तीन किंवा चार फेऱ्या पुरेशा होतात. सर्व फेऱ्या महागड्या मैदानांवर घेण्याचे कारण नाही.

पहिल्या दिवशी फिनिक्स शहराचे ‘पापागो’ हे सार्वजनिक मैदान सोयीचे. सॅन दिएगोचे प्रसिद्ध ‘टोरी पाइन्स’ आखणारे विल्यम एफ. बेल यांनीच १९६३ मध्ये ते साकारले. विमानतळापासून ते जवळ आहे आणि लाल खडकांच्या टेकड्यांची पार्श्वभूमी त्याला लाभली आहे. येथील फेअरवे रुंद असल्याने लांबच्या प्रवासाने थकलेल्या खेळाडूची परीक्षा पाहिली जात नाही. दरही नामांकित रिसॉर्टच्या तुलनेत बरेच कमी असतात.

‘टीपीसी स्कॉट्सडेल’चे स्टेडियम मैदान हे अनेकांचे मुख्य आकर्षण. टॉम वाइस्कॉफ आणि जे मॉरिश यांनी आखलेल्या या मैदानावर १९८७ पासून फिनिक्स ओपन खेळवली जाते. स्पर्धेच्या वेळी सोळाव्या होलभोवती प्रेक्षागार उभारले जाते आणि क्रिकेट स्टेडियमला शोभेल असा गलका होतो. १९९७ मध्ये टायगर वूड्सने येथे एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला, तेव्हा बिअरच्या पेल्यांचा वर्षाव झाला होता. २०२४ मध्ये शनिवारच्या गर्दीपुढे आयोजकांना प्रवेशद्वारे बंद करून मद्यविक्री थांबवावी लागली. एरवी, प्रेक्षागार नसताना, हा होल अगदी साधा वाटतो. खरी कसोटी सतराव्या होलवर लागते. भारतीय वंशाचा अमेरिकी खेळाडू साहिथ थिगाला २०२२ मध्ये विजयाच्या उंबरठ्यावर असताना येथेच त्याचा चेंडू उसळून पाण्यात गेला आणि अवघ्या एका फटक्याने त्याचा प्लेऑफ हुकला.

उत्तर स्कॉट्सडेलमधील ‘ट्रून नॉर्थ’ हे वाळवंटी गोल्फचे चित्रातल्यासारखे रूप. प्रचंड गोलाकार शिळा, साग्वारो निवडुंगांची रांग आणि दरीवरून मारावे लागणारे फटके. नवशिक्यांनी येथे चेंडूंची जादा पिशवी बाळगावी.

फिनिक्सच्या पूर्वेला असलेल्या ‘वीकोपा’ या मैदानाची ओळख वेगळीच आहे. ते फोर्ट मॅक्डॉवेल यावापाय या मूलनिवासी समाजाच्या मालकीचे आहे. ‘वीकोपा’ हे समोर दिसणाऱ्या ‘फोर पीक्स’ पर्वताचे यावापाय भाषेतील नाव. येथील ‘चोया’ मैदान २००१ मध्ये, तर बिल कूर आणि बेन क्रेन्शॉ यांनी आखलेले ‘साग्वारो’ २००६ मध्ये खुले झाले. मैदानाभोवती एकही बंगला नाही. या मोकळेपणामागे मोठा संघर्ष आहे. साल्ट आणि व्हर्डे नद्यांच्या संगमावर ऑर्म धरण बांधण्याची सरकारची योजना होती. त्यात या समाजाची बरीचशी भूमी बुडाली असती. मोबदल्याचा प्रस्ताव नाकारून लोकांनी लढा दिला आणि १९८१ मध्ये योजना मागे घेतली गेली. दर नोव्हेंबरमध्ये त्या विजयाचा उत्सव साजरा होतो. धरणग्रस्तांच्या व्यथा ठाऊक असलेल्या महाराष्ट्रातील पाहुण्याला हा इतिहास दूरचा वाटणार नाही.

चेंडू काट्यांत गेला तर

गोल्फच्या २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आयोजक वाळवंटी भागाला ‘पेनल्टी क्षेत्र’ ठरवू शकतात. तसे असल्यास एका दंडाच्या फटक्यासह चेंडू बाहेर ठेवून खेळता येतो. फेरीपूर्वी गुणपत्रिकेवरील स्थानिक नियम वाचून घ्यावा. चेंडू शोधण्याची मुभा आता पाचऐवजी तीनच मिनिटांची आहे आणि वाळवंटात ते इष्टच म्हणावे लागेल. मार्च ते ऑक्टोबर या काळात रॅटलस्नेक वावरत असतात. झुडपाखाली किंवा खडकाच्या कपारीत हात घालणे कटाक्षाने टाळावे. चोया निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने कपड्यांना चिकटतात. हाताने ओढल्यास काटे बोटांत रुततात. म्हणून स्थानिक खेळाडू पिशवीत कंगवा ठेवतात आणि त्याने गोळा उडवतात. साग्वारोला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पहिली फांदी फुटायलाच अनेकदा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. त्याला इजा करणे हा गुन्हा आहे.

ताटातील वाळवंट

अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला मेक्सिकोचे सोनोरा राज्य आहे आणि येथील खाद्यसंस्कृतीवर त्याचीच छाप आहे. मेक्सिकोच्या अन्य भागांत मक्याची टॉर्टिया प्रचलित असली तरी सोनोरात गव्हाची चालते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फादर किनो आदी जेझुइट धर्मोपदेशकांबरोबर गहू येथे आला आणि हिवाळी पीक म्हणून रुजला. सोनोरातील मोठी टॉर्टिया दोन्ही हातांवर झुलवत इतकी पातळ केली जाते की खानदेशी मांड्यांची आठवण व्हावी. तीत भाजलेले गोमांस किंवा घेवड्याचे वाटण गुंडाळले की ‘बुरो’ तयार होतो. सोबतीला चिल्तेपिन ही वाटाण्याहून लहान, गोल रानमिरची. तिचा जाळ लवंगी मिरचीच्या चाहत्यांनाही मान्य व्हावा असा आहे.

‘सोनोरन हॉट डॉग’ हा रस्त्यावरचा राजा. डुकराच्या खारवलेल्या मांसाची पट्टी गुंडाळलेला सॉसेज मऊ पावात ठेवून त्यावर घेवडा, टोमॅटो, कांदा आणि मेयोनीज घातले जाते. टूसॉनमधील ‘एल ग्वेरो कानेलो’ या उपाहारगृहाला त्यासाठी २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार मिळाला. फिनिक्सच्या ‘फ्राय ब्रेड हाउस’ला हाच सन्मान २०१२ मध्ये लाभला होता. तोहोनो ओओधम समाजातील कुटुंबाने सुरू केलेल्या या ठिकाणी भटुऱ्यासारखी फुगलेली मोठी पुरी मिरचीच्या रश्श्याबरोबर मिळते. तिचा उगम मात्र सुखद नाही. भूमीवरून हुसकावलेल्या मूलनिवासींना सरकारी शिधा म्हणून मैदा आणि चरबी मिळत असे. त्यातून हा पदार्थ जन्मला.

मूळ आहार वेगळाच होता. टेपरी घेवडा हे त्याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडील मटकीप्रमाणे ते अत्यल्प पाण्यावर तगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या भागातील वसाहतींनी हिला नदीचे पाणी वळवले, तेव्हा अकिमेल ओओधम शेतकऱ्यांची शेती उद्ध्वस्त झाली आणि हे पीकही जवळपास विस्मरणात गेले. १९७० च्या दशकापासून सकाटन येथील ‘रमोना फार्म्स’ने त्याची लागवड पुन्हा सुरू केली. २००४ च्या जलतडजोड कायद्याने हिला रिव्हर समाजाचा पाण्यावरील हक्कही मान्य झाला. एखाद्या उपाहारगृहाच्या पदार्थयादीत टेपरी दिसल्यास ते अवश्य मागवावे.

शाकाहारी पाहुण्यांनी एक दक्षता घ्यावी. पारंपरिक पद्धतीच्या टॉर्टियात आणि वाटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असण्याची शक्यता असते. मागणी नोंदवण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारावे. नोपालेस म्हणजे फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी आणि चीज घालून भाजलेली कुरकुरीत टॉर्टिया हे पर्याय बहुतेक ठिकाणी मिळतात.

सातू, नदी आणि बिअर

टेम्पीतील ‘फोर पीक्स’ ही येथील सर्वांत परिचित ब्रुअरी. १८९२ च्या जुन्या दुग्धालयाच्या विटांच्या इमारतीत ती १९९६ मध्ये सुरू झाली. तिची ‘किल्ट लिफ्टर’ ही तांबूस, किंचित गोडसर स्कॉटिश धाटणीची बिअर राज्यभर मिळते. वीकोपाच्या मैदानावरून दिसणाऱ्या त्याच पर्वताचे नाव या ब्रुअरीने घेतले आहे. २०१५ मध्ये बलाढ्य अ‍ॅनहायझर-बुश कंपनीने ती विकत घेण्याचा करार केला. स्वतंत्र ब्रुअरीचा आग्रह धरणारे त्यामुळे नाराज झाले, तरी जुन्या इमारतीतील गर्दी हटलेली नाही.

पाण्याच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ती गिल्बर्टमध्ये २०१३ साली सुरू झालेली ‘अ‍ॅरिझोना विल्डरनेस’. तिच्या बिअरमध्ये व्हर्डे खोऱ्यात पिकलेले सातू वापरले जातात. त्यामागचे गणित असे. खोऱ्यातील शेतकरी उन्हाळ्यात लसूणघास आणि मका घेत. नदीची पातळी सर्वांत खालावलेली असतानाच या पिकांना सर्वाधिक पाणी लागे. सातू मात्र हिवाळ्यात पेरून उन्हाळ्याच्या तोंडावर काढता येतात. म्हणजे ऐन टंचाईत पाणी नदीतच राहते. ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने शेतकऱ्यांना या पिकाकडे वळवले आणि धान्याला मोड आणून माल्ट करणारा ‘सिनाग्वा माल्ट’ हा कारखाना कॅम्प व्हर्डे येथे उभा राहिला. ब्रुअरीने हमखास गिऱ्हाईक दिले नसते, तर ही साखळी पूर्ण झाली नसती.

स्कॉट्सडेलने आणखी एक पाऊल टाकले. शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते उत्तर भागातील वीसहून अधिक गोल्फ मैदानांना पुरवणारे केंद्र तेथे आहे. २०१९ मध्ये त्याच केंद्रातील अतिशुद्ध पाण्यापासून स्थानिक ब्रुअऱ्यांनी बिअर तयार करून लोकांना चाखायला दिली. पुनर्वापराच्या पाण्याविषयीची किळस दूर करणे हा त्यामागील हेतू होता.

वाद मिटलेला नाही

२०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले होते. खेळाच्या हिरवळीला पाणी द्यावे का, हा प्रश्न मराठी वाचकांना त्यामुळे नवा नाही. अ‍ॅरिझोनात तो रोजचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीवर इतिहासातील पहिली अधिकृत पाणीटंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी अ‍ॅरिझोनाच्या वाट्यात सुमारे १८ टक्के कपात झाली. तिचा सर्वाधिक फटका बसला तो पिनाल काउंटीतील शेतकऱ्यांना. राज्याच्या एकूण पाण्यापैकी गोल्फला लागते ते सुमारे दोन टक्के, तर शेतीला सत्तर टक्क्यांहून अधिक, असे गोल्फचे समर्थक सांगतात. शेतीतून अन्न मिळते, मैदानातून काय मिळते, असा विरोधकांचा सवाल असतो. रोजगार आणि पर्यटनाचे उत्पन्न हे त्यावरील उत्तर सर्वांना पटतेच असे नाही.

पाहुण्याच्या हाती हा वाद सोडवणे नाही. मात्र कोणते मैदान पुनर्वापराचे पाणी घेते, कोण हिवाळी पेरणी कमी करते, कोणत्या ब्रुअरीचे सातू नदीला जीवदान देतात, हे विचारून पैसे खर्च करणे त्याला निश्चित शक्य आहे. ग्राहक विचारू लागला की व्यावसायिकही उत्तरे शोधू लागतो, हे व्हर्डे खोऱ्यातील सातूंनी दाखवून दिले आहे.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

• भारतातून फिनिक्सला थेट विमान नाही. अमेरिकेतील किंवा युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलावे लागते. फिनिक्सची वेळ भारताच्या साडेबारा तास मागे असते आणि वर्षभर बदलत नाही.

• अंतरे मोठी असल्याने मोटार आवश्यक. टूसॉन सुमारे १८५ किलोमीटरवर आहे. तेथील खाद्यभ्रमंतीसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. २०१५ मध्ये युनेस्कोने या शहराचा गौरव ‘खाद्यसंस्कृतीचे शहर’ म्हणून केला.

• मद्य पिण्याचे किमान वय २१ वर्षे. ओळखपत्र म्हणून पारपत्र जवळ बाळगावे.

• मद्य पिऊन वाहन चालवण्याविषयी अ‍ॅरिझोनाचा कायदा अत्यंत कठोर आहे. पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवासाची तरतूद असून रक्तातील मद्य ठरलेल्या ०.०८ टक्के मर्यादेखाली असले, तरी वाहन चालवण्याची क्षमता किंचितही कमी झाल्यास कारवाई होऊ शकते. ब्रुअरीला जाताना मोटार हॉटेलवरच ठेवून टॅक्सी करावी.

• क्लब भाड्याने मिळतात. नोंदणी करतानाच तशी मागणी करावी. बाहेरचे मद्य मैदानावर नेऊ नये.

• टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सनस्क्रीन, पाण्याची मोठी बाटली आणि कंगवा या पाच वस्तू पिशवीत असाव्यातच.